नऊ आठवडे टिकायचे असेल तर हळू धावा

धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा, कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे मैदानावर गेलो तर धावणारी मुले-मुली दिसतातच. यातील बहुतेक जण पोलीस भरतीची तयारी करणारे असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे गुण ५०. एकेका सेकंदावर नोकरी अडलेली असते, त्यामुळे कोणीतरी हातात घड्याळ धरून ओरडत असतो आणि धावणाऱ्याच्या छातीचा भाता झालेला असतो. आपल्या वस्त्यांमध्ये धावणे म्हटले की हेच चित्र डोळ्यांसमोर येते. भरती झाली की धावणे संपले. वयोमर्यादा उलटून गेली तरी संपले.

आम्हाला आज लिहायचे आहे ते मात्र या मुलांसाठी नाही. त्यांच्या आई-वडिलांसाठी, मोठ्या भावासाठी, वहिनीसाठी लिहायचे आहे. चाळिशीतला शिक्षक, बँकेतला कारकून, दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार, शिलाई मशीनवर वाकून बसलेली ताई. डॉक्टरांनी सांगितलेले असते की साखर काठावर आहे, चालत जा, पळत जा. मग बूट येतात. पहिल्याच दिवशी ४०० मीटरच्या मैदानाला दोन फेऱ्या जोरात होतात, कारण धावणे असेच असते हे आपण पोरांकडे पाहून शिकलेलो असतो. आठवडाभर उत्साह टिकतो. दुसऱ्या आठवड्यात नडगी दुखू लागते. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस पाऊस, एक दिवस पाहुणे, आणि बूट दाराआड जातात ते जातातच. नंतर आपणच सांगत फिरतो की आपल्या अंगाला धावणे मानवत नाही.

अंगाला धावणे मानवते. मानवत नाही तो भरतीचा वेग.

काठावरची साखर

हा विषय एखाद्या छंदाचा असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, १५.३ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी दुसरा आकडा मांडला. २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के. घरात दिवसभर राबणाऱ्या बाईला हा आकडा वाचून राग येईल आणि तो योग्यच आहे. पण राबणे आणि हृदय-फुप्फुसांना पुरेसा व्यायाम मिळणे या दोन गोष्टी नेहमी एकत्र येत नाहीत. भाकरी थापणे, धुणे, झाडलोट यात कंबर मोडते, दम मात्र वाढत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचेही उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे, म्हणजे बीएमआय २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर मातांचा जो अभ्यास झाला, त्यात बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते, इंग्लंडमधील बाळांचे साडेतीन किलो. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. पोट पाठीला लागलेल्या माणसाला मधुमेह कसा झाला, या कोड्याचा एक धागा इथे सापडतो. आईच्या पोटात असतानाच शरीर टंचाईचा हिशेब मांडून बसते. पुढे टंचाई संपली, बसून करायची नोकरी लागली, दोन वेळचे पोटभर जेवण आणि चार वेळचा साखरेचा चहा सुरू झाला की तो जुना हिशेब उलटतो.

१९७२ च्या दुष्काळात या भागातील ज्यांच्या आजी-आजोबांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले, त्यांना यापेक्षा वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या समाजातील आजची नोकरदार पिढी ही अनेक घरांत पहिली किंवा दुसरीच आहे. शिक्षणाने जे मिळवले, ते पन्नाशीत डायलिसिसच्या खाटेवर घालवायचे का, हा प्रश्न म्हणून आम्हाला तातडीचा वाटतो. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने अखेरची वर्षे किती पोखरले हे आपण चरित्रांतून वाचले आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा त्यांचे वय अवघे ६५ होते. तेव्हा आजची औषधे नव्हती, साखर घरी मोजायची सोयही नव्हती. आपल्याला ती सबब नाही.

एक मिनिट धावणे, दीड मिनिट चालणे

१९९६ साली अमेरिकेत जॉश क्लार्क नावाच्या तरुणाने पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईला डोळ्यांसमोर ठेवून नवशिक्यांसाठी धावण्याचा एक कार्यक्रम आखला. ‘काउच टू फाइव्ह-के’ या नावाने तो जगभर गेला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेनेही तो स्वीकारला आणि त्याचे मोफत ॲप काढले. नाव इंग्रजी आहे म्हणून बिचकण्याचे कारण नाही. त्याला लागते एक घड्याळ, एक सपाट रस्ता आणि आठवड्यातले तीन दिवस. एकूण नऊ आठवडे.

पहिल्या आठवड्यात काय करायचे ते ऐकून अनेकांना हसू येते. पाच मिनिटे भरभर चालायचे. मग एक मिनिट हळू धावायचे, दीड मिनिट चालायचे, पुन्हा एक मिनिट धावायचे. असे वीस मिनिटे. झाले, घरी जायचे. दुसऱ्या आठवड्यात दीड मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे. तिसऱ्यात दीड मिनिटाबरोबर तीन मिनिटांची धाव येते, चौथ्यात तीन आणि पाच मिनिटांची. एक दिवस धावले की दुसरा दिवस विश्रांतीचा, हे सगळीकडे ठरलेले.

पाचव्या आठवड्यावर थोडे थांबू, कारण या कार्यक्रमाचा खरा घाट तिथेच आहे. त्या आठवड्याचे तीनही दिवस वेगवेगळे असतात. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटांच्या तीन धावा, मधे तीन मिनिटे चालणे. दुसऱ्या दिवशी आठ मिनिटांच्या दोन धावा, मधे पाच मिनिटे चालणे. आणि तिसऱ्या दिवशी एकदम वीस मिनिटे, मधे चालणे नाही. कागदावर हा आकडा पाहून पोटात गोळा येतो. आठवरून वीसवर उडी कशी मारायची? प्रत्यक्षात ज्यांनी आधीचे चौदा दिवस हळू धावून काढले आहेत त्यांना ती जमते, कारण शरीर तोपर्यंत तयार झालेले असते आणि अडलेले असते फक्त मन. ज्यांनी आधीचे दिवस धापा टाकत काढले त्यांना ती जमत नाही. नाही जमली तर चौथा आठवडा पुन्हा करावा. कोणी प्रमाणपत्र मागायला येत नाही. सहाव्या आठवड्यात पुन्हा थोडे चालणे येते, सातव्यात २५ मिनिटे सलग, आठव्यात २८ आणि नवव्यात ३०.

तीस मिनिटांत पाच किलोमीटर झाले पाहिजेत असे कार्यक्रमाचे नाव सुचवते. त्याकडे दुर्लक्ष करावे. नव्याने धावणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या बहुतेक माणसांचे अर्ध्या तासात साडेतीन-चार किलोमीटर होतात आणि तेवढे भरपूर आहे. इथे मिनिटे मोजायची, किलोमीटर नाही.

सोणाची वीणा

हळू म्हणजे किती हळू? शेजारी धावणाऱ्याशी पेरणी-पाण्याचे, पोरांच्या परीक्षेचे पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास तुटत असेल तर वेग जास्त आहे. एकटे असाल तर मनातल्या मनात नको, ओठ हलवून बोलून पाहा. सुरुवातीला हा वेग भरभर चालणाऱ्यापेक्षा फार जास्त नसतो. मागून येणारी भरतीची पोरे फेरीमागून फेरी मागे टाकतात, ओळखीचा कोणी ‘काका, पळताय का चालताय’ असे विचारतो. विचारू द्यावे.

हळू धावण्याचे कारण शरीराच्या बांधणीत आहे. धावायला सुरुवात केली की सगळे अवयव एकाच वेगाने तयार होत नाहीत. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागते आणि दम लागणे कमी होते. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या पुढच्या काही आठवड्यांत वाढते. पण टाचेच्या वरची जाड शीर, गुडघ्याची वाटी धरून ठेवणारे पट्टे, नडगीचे हाड यांना महिने लागतात. हाड तर आधी थोडे झिजते आणि मग नव्याने भरते. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती सांगत असते की आता जोरात जाऊ, आणि नडगी सांगत असते की थांब. छातीचे ऐकणारा माणूस सहाव्या आठवड्यात लंगडत असतो. विश्रांतीचा दिवस हा आळशी माणसासाठी दिलेली सवलत नाही, हाड त्या दिवशी भरत असते.

विनयपिटकात सोण कोळिविस याची कथा आहे. श्रीमंत घरातला, अतिशय नाजूक वाढलेला हा तरुण भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने इतक्या जोराने चंक्रमण केले की त्याचे पाय फुटून चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. एवढे करूनही काही साधत नाही, त्यापेक्षा घरी जावे, असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला वीणेबद्दल विचारले. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तारा फार ताणल्या तर वाजत नाहीत, फार सैल सोडल्या तरी वाजत नाहीत, हे त्यानेच सांगितले. आपण ही कथा मध्यम मार्गाचा दाखला म्हणून विहारात अनेकदा ऐकतो. पण ती शब्दशः पायांचीही कथा आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. सोणाची अडचण आळस नव्हती. पहिल्याच आठवड्यात जास्त करणे आणि मग सगळेच सोडून द्यावेसे वाटणे, ही तिसऱ्या आठवड्यात बूट दाराआड ठेवणाऱ्याचीच अडचण आहे.

चंक्रमण म्हणजे ठरावीक वाटेवरून जागरूकतेने येरझारा घालणे. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यात प्रवासाची ताकद येते, प्रयत्न करण्याची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि मिळवलेली एकाग्रता जास्त काळ टिकते असे आहे. धावणे म्हणजे चंक्रमण असा ओढूनताणून अर्थ आम्ही काढणार नाही. पण बुद्धांच्या संघाला चालणे नवे नव्हते. आपल्या जिल्ह्यातील तेर येथे, म्हणजे प्राचीन तगर नगरीत, उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. तिथे धम्म घेऊन आलेले लोक पायी आलेले होते.

आणि ज्यांना बुद्धकथेपेक्षा मैदानावरचा पुरावा हवा आहे त्यांच्यासाठी. जगातील अव्वल लांब पल्ल्याचे धावपटू सरावाची साधारण ८० टक्के सत्रे त्यांच्या दृष्टीने सोप्या वेगात करतात, असे क्रीडाशास्त्रातील अभ्यास सांगतात. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आपल्याला फक्त शर्यतीत दिसतो. सैन्यात तो ५ महार बटालियनमध्ये भरती झाला, याचा आपल्या वाचकांना विशेष आनंद असतो. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक जिंकले, तेव्हा १९९८ पासून या शर्यतीची सगळी पदके केनियाकडे जाण्याची साखळी तुटली. २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. ती आठ मिनिटे आपण मोबाईलवर पाहतो. त्यामागच्या सरावाचे हजारो संथ किलोमीटर कोणी दाखवत नाही.

नेमके काय मिळते

साखरेपासून सुरू करू. स्नायू काम करू लागला की तो इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतो. शिवाय धावणे संपल्यावरही स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतो, आणि हा परिणाम एक-दोन दिवस टिकून ओसरतो. म्हणूनच मधुमेह असलेल्यांनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पाडू नये असा वैद्यकीय सल्ला असतो. दिवसाआड धावण्याचा हा कार्यक्रम त्या हिशेबात बरोबर बसतो. रविवारी एकदाच दहा किलोमीटर तुडवण्यापेक्षा आठवड्यात तीनदा अर्धा तास का चांगला, त्याचेही उत्तर हेच.

रक्तदाब असलेल्या माणसाचा वरचा आकडा नियमित व्यायामाने साधारण ५ ते ८ अंकांनी उतरू शकतो. एखाद्या गोळीइतका हा फरक आहे. पण याचा अर्थ गोळी स्वतःच बंद करायची असा नाही. ती डॉक्टर कमी करतील.

आयुष्याचे काय? अमेरिकेत ५५,१३७ प्रौढांवर सरासरी १५ वर्षे लक्ष ठेवलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. न धावणाऱ्यांच्या तुलनेत धावणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका ४५ टक्क्यांनी कमी दिसला. रोज पाच-दहा मिनिटे आणि ताशी सहा मैलांपेक्षा कमी वेगाने धावणाऱ्यांनाही मोठा लाभ दिसला. धावणारी माणसे मुळातच थोडी निरोगी असतात, हे अशा अभ्यासांत लक्षात ठेवावे लागते. तरीही हळू आणि थोडे धावण्याला हसणाऱ्यांना उत्तर देण्यापुरते हे आकडे पुरेसे आहेत.

गुडघे झिजतात ही भीती आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकू येते. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के, बसून राहणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के आढळले. पुन्हा वीणेच्या तारा. गुडघा आधीच सुजत असेल, जिना उतरताना कळ येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे आणि तोवर चालावे.

वजनाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण निराशा इथेच होते. ७० किलोच्या माणसाला पाच किलोमीटर धावायला साधारण ३५० कॅलरी लागतात. परतताना स्टँडजवळ एक वडापाव आणि कप भर गोड चहा घेतला की हिशेब फिटला. संयुत्त निकायात प्रसेनजित राजाची गोष्ट आहे, जो इतका जेवायचा की धापा टाकत बुद्धांसमोर येऊन बसायचा. तो बारीक झाला तो जेवणाचे माप हळूहळू कमी करून. धावण्याने वजनकाटा फारसा हलला नाही तरी पोटाचा घेर कमी होतो. भारतीयांसाठी पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांचा ८० च्या आत असावा, असे मानले जाते. म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप जवळ ठेवा.

झोप सुधारते, चिडचिड कमी होते, हे धावणारा कोणीही सांगेल. सौम्य आणि मध्यम नैराश्यात व्यायामाचा उपयोग होतो हे संशोधनातूनही दिसले आहे. शेतकरी आत्महत्यांचे दुःख या जिल्ह्याने खूप पाहिले आहे, म्हणून एक गोष्ट वेगळी सांगतो. मन फार खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर ‘पळून ये, बरे वाटेल’ असे कोणाला सांगू नका. त्याला एकटे सोडू नका आणि १४४१६ या शासनाच्या टेलिमानस क्रमांकावर फोन लावून द्या.

१४ ऑक्टोबर ते १६ डिसेंबर

सवय लागायला २१ दिवस लागतात असे भाषणात सांगितले जाते. लंडन विद्यापीठातील फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, कोणाला १८ तर कोणाला त्याहून कितीतरी जास्त. नऊ आठवडे म्हणजे ६३ दिवस. त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा आहे. एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही.

धाराशिवच्या हवामानात सुरुवात कधी करावी, हा साधा पण महत्त्वाचा प्रश्न आहे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा नव्या माणसाने सुरुवात करू नये. ऑक्टोबरच्या मध्यापासून पहाटेची हवा सुसह्य होते. आम्हाला १४ ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ही तारीख सोयीची वाटते. तेव्हा सुरू केलेले नऊ आठवडे १६ डिसेंबरला पुढच्या टप्प्यावर येतात. मधे आठव्या आठवड्यात ६ डिसेंबर येतो. अनेक जण चैत्यभूमीला जातात, दोन-तीन दिवस प्रवासात आणि रांगेत जातात. त्या आठवड्याचा खंड आधीच धरून ठेवावा, म्हणजे परतल्यावर ‘आता मोडलेच’ असे वाटणार नाही. आल्यावर सातव्या आठवड्याची एक धाव करावी आणि पुढे जावे.

याच दिवसांत साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात, अनेकदा मागे लाल दिवा किंवा परावर्तक पट्टी नसताना रस्त्यावर असतात. सोलापूर-धुळे महामार्गावर धावणे तर वर्षभर टाळावे. धाराशिवकरांना जिल्हा क्रीडा संकुल आहे, हातलाई डोंगराकडचा रस्ता आहे. गावात शाळेचे मैदान असते. रस्त्यावरच धावावे लागले तर उजव्या बाजूने, समोरून येणारे वाहन दिसेल असे, फिकट रंगाचे कपडे घालून आणि कानात काही न घालता धावावे. कुत्र्यांसाठी हातात छोटी काठी ठेवली तर कोणी हसत नाही, निम्मे लोक ठेवतातच.

एकट्याने टिकणे अवघड असते. दोघे-तिघे ठरवून ठरलेल्या वारी निघाले तर एकाच्या आळसाला दुसऱ्याची लाज पुरते. आपल्याकडे तर वस्तीत विहार आहे. रविवारच्या वंदनेला जमणाऱ्यांपैकी पाच जणांनी विहारापासून निघून विहारापाशी परत यायचे ठरवले तरी पुरे. वर्गणी नको, बॅनर नको, उद्घाटनाला पुढारी तर मुळीच नको. ज्याचा वेग सर्वांत कमी त्याने पुढे राहायचे, एवढा एकच नियम ठेवावा.

बायांनी कुठे धावायचे?

वरचे ५७ टक्के विसरून चालणार नाही. या जिल्ह्याने खो-खोत देशाला मुली दिल्या. धाराशिवच्या सारिका काळे यांनी भारतीय संघाचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे धाराशिवच्या मातीत मुलगी धावते याचे कोणाला नवल नाही. पण तीच मुलगी लग्न होऊन दोन लेकरांची आई झाली, की ती सकाळी रस्त्याने पळताना दिसली तर खिडक्या उघडतात. तिच्याकडे सकाळ नसतेही. पाचला उठून पाणी, डबे, शाळा.

यावर आमच्याकडे एकच सरळ उत्तर आहे आणि ते घरातल्या पुरुषांसाठी आहे. आठवड्यातून तीन सकाळी चाळीस मिनिटे चूल, डबा आणि लेकरे सांभाळा. त्याशिवाय तिच्यासाठी कोणताही कार्यक्रम कागदावरच राहील. बाकीच्या अडचणी लहान आहेत. पंजाबी ड्रेसवर धावता येते, ओढणी मागे गाठ मारून घ्यावी. छातीला नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा आता तालुक्याच्या बाजारातही मिळते आणि बुटांइतकीच ती गरजेची आहे. चारजणी मिळून गेल्या की खिडक्या आपोआप बंद होतात. सुरुवातीचे चार आठवडे तर विहाराच्या किंवा शाळेच्या आवारातही होऊ शकतात, कारण तेव्हा मिनिटभर धावायलाच जागा लागते.

कोणी थांबावे

ऊसतोडीला जाणारा, दिवसभर विटा वाहणारा, रोजंदारीवर खुरपणारी यांना हा लेख नाही. त्यांच्या शरीराला हवी आहे ती विश्रांती, डाळ, अंडी आणि योग्य मजुरी.

वय चाळिशीपार असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कमी वयात कोणाला हृदयविकार झाला असेल तर आधी तपासून घ्या. तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी आरोग्य उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. त्यासाठी शहरात जाऊन खर्च करायची गरज नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर धावताना एकदम उतरू शकते. हात थरथरणे, घाम फुटणे, भोवळ येणे ही तिची चिन्हे. अशांनी खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत, कारण मधुमेहात जखम कळत नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही झाले तर घरी जाऊन पडायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा.

बुटांसाठी हजारो रुपये लागत नाहीत. पुढे बोटांना अंगठ्याएवढी जागा, टाच घट्ट, तळवा मऊ, एवढे पाहून संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण तोवर पाय थोडा फुगलेला असतो. चप्पल किंवा कॅनव्हासच्या सपाट बुटांवर सुरुवात करू नये.

नऊ आठवडे झाल्यावर काय, हा प्रश्न डिसेंबरच्या मध्याला येईल. तेव्हा मॅरेथॉनचे नाव काढणारा एखादा मित्र भेटेलच. त्याला जानेवारीपर्यंत थांबायला सांगा. आठवड्यातून तीनदा तीस मिनिटे, त्याच बोलता येणाऱ्या वेगात, आणखी दोन महिने करा. नडगीचे हाड तेव्हाही भरतच असते. मार्चमध्ये ऊन चढू लागले की वेळ अर्धा तास अलीकडे आणा आणि मे महिन्यात धावणे जमत नसेल तर तेवढाच वेळ चाला. मृग लागल्यावर परत सुरू करताना चौथ्या आठवड्यापासून करा.